इलेक्ट्रॉन कुठे आहे ते शोधा, बंध आपोआप ओळखता येईल

दहावीचा निकाल लागला की नाशकात कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर क्लासच्या फ्लेक्सची गर्दी उसळते. पुढच्या काही आठवड्यांत सायन्स घेतलेल्या पोरांच्या वहीत एक तक्ता हमखास सापडतो: धातू आणि अधातू भेटले की आयनिक बंध, दोन अधातू भेटले की सहसंयुज, नुसते धातू असले की धात्विक. तक्ता तसा खोटा नाही, पण त्याच्या भरवशावर राहणारा लवकरच आपटतो. अमोनियम क्लोराइड म्हणजे नवसागर, त्यात औषधालासुद्धा धातू नाही, तरी ते आयनिक. ॲल्युमिनियम क्लोराइडमध्ये धातू आहे, तरी ते सुकं असताना तापवलं तर १८० अंशांच्या आसपास वाफ होऊन उडून जातं. आयनिक पदार्थाला असली सवय नसते.

म्हणून तक्ता बाजूला ठेवा आणि दर वेळी एकच प्रश्न विचारा: बाहेरचे इलेक्ट्रॉन या घडीला कुठे आहेत? एका अणूच्या ताब्यात गेलेत, दोन अणूंच्या मधे आहेत, की सगळ्या तुकड्यात पसरलेत? उत्तर मिळालं की बंधाचं नाव वेगळं पाठ करावं लागत नाही. वही, पेन्सिल आणि आवर्तसारणी एवढ्या सामानावर काम भागतं. उदाहरणं मी नाशकातलीच घेतली आहेत, कारण भांडी बाजार आणि द्राक्षबागा आपल्या पायाखालच्या आहेत आणि रसायनशास्त्राला त्या पुरून उरतात.

पायरी १ : बाहेरचे इलेक्ट्रॉन मोजा

अणूच्या मध्यभागी धनप्रभारित केंद्रक, आणि त्याच्याभोवती कवचांमध्ये इलेक्ट्रॉन. बंधाच्या व्यवहारात आतली कवचं भाग घेत नाहीत. सोडियमची मांडणी २, ८, १. क्लोरीनची २, ८, ७. कार्बनची २, ४. नायट्रोजनची २, ५. ऑक्सिजनची २, ६. गंधकाची २, ८, ६. शेवटचा आकडा हाच आपला माल. यांना संयुजा इलेक्ट्रॉन म्हणतात.

आवर्तसारणीत गण १ आणि २ मध्ये गणाचा क्रमांकच संयुजा इलेक्ट्रॉनांची संख्या असतो. गण १३ ते १८ मध्ये क्रमांकातून १० वजा करा (हेलियम तेवढा अपवाद, त्याच्याकडे दोनच). मधल्या लोखंड-तांब्यासारख्या संक्रमण धातूंना ही युक्ती लावू नका, ते मूलद्रव्य-परत्वे वेगळे वागतात.

आता चिन्हाभोवती चार बाजू कल्पून ठिपके मांडा. आधी प्रत्येक बाजूला एकेक, मग जोड्या. ऑक्सिजनला दोन जोड्या आणि दोन सुटे ठिपके येतील, नायट्रोजनला एक जोडी आणि तीन सुटे. अमेरिकेतल्या गिल्बर्ट लुईसने १९१६ साली ही ठिपक्यांची आणि जोडीच्या बंधाची कल्पना मांडली. त्याच वर्षी जर्मनीत वाल्थर कॉसेलने आयनिक बंधाची बाजू मांडली होती. तोवर इलेक्ट्रॉन शोधून वीस वर्षंही झाली नव्हती.

पायरी २ : 'अणूला हवं असतं' ही भाषा सोडून द्या

ही पायरी बहुतेक ठिकाणी वगळली जाते आणि पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

वर्गात सोडियमचा पार कर्ण करून टाकतात: एक इलेक्ट्रॉन जास्तीचा होता, तो त्याने हसत हसत क्लोरीनला देऊन टाकला. ऐकायला छान, पण आकडे वेगळं सांगतात. वायुरूप सोडियमच्या एका मोल (अणू-रेणू मोजायचं ठरावीक माप) अणूंकडून एकेक इलेक्ट्रॉन काढून घ्यायला ४९६ किलोज्यूल मोजावे लागतात. ते इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूंनी घेतले की ३४९ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत १४७ किलोज्यूलचा घाटा! वर घन सोडियमची वाफ करायला १०७, क्लोरीनच्या रेणूंचे अणू सुटे करायला १२२. हिशेब ३७६ ने तोट्यात गेला.

मग मीठ बनतं कशाच्या जोरावर? सोडियम आयन आणि क्लोराइड आयन (आयन म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून किंवा घेऊन प्रभार आलेला अणू) स्फटिकात एकमेकांशेजारी रचून बसतात तेव्हा ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. त्यातून ३७६ वजा करा, ४११ नफा. सोडियम आणि क्लोरीनपासून एक मोल मीठ बनताना प्रत्यक्ष मोजलेली ऊर्जासुद्धा तेवढीच. तेव्हा सोडियमने इलेक्ट्रॉन 'दिला' म्हणून मीठ झालं, असं म्हणण्यात अर्थ नाही. एकूण ऊर्जा खाली आली म्हणून झालं.

अष्टक पूर्ण होणं, म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन भरणं, हा त्या हिशेबातला एक सोयीचा आडाखा आहे, कारण नव्हे. सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला गेलात तर ४,५६२ किलोज्यूल लागतात, कारण आता आतल्या भरलेल्या, केंद्रकाला चिकटलेल्या कवचात हात घालावा लागतो. तेवढी भरपाई कोणताच स्फटिक करून देत नाही. म्हणून व्यवहार एकावर थांबतो.

याच्याच जोडीला दुसरी गोष्ट पक्की करा: बंध होताना ऊर्जा बाहेर पडते, तुटताना लागते. 'बंधात ऊर्जा साठवलेली असते आणि तो तोडला की मिळते' हे वाक्य कुठे वाचलं असेल तर त्यावर काट मारा. स्वयंपाकाचा गॅस जळतो तेव्हा आधी गॅसचे आणि ऑक्सिजनचे बंध तोडायला खर्च होतो. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांचे नवे, जास्त घट्ट बंध तयार होताना त्याहून अधिक ऊर्जा मिळते, आणि वरकड तेवढी कुकरच्या शिट्टीला कारणी लागते.

पायरी ३ : ओढ कुणाची जास्त, ते बघा

बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचण्याच्या क्षमतेला विद्युतऋणता म्हणतात. लायनस पॉलिंगने तिचं मोजमाप ठरवलं. फ्लोरीन ३.९८, ऑक्सिजन ३.४४, क्लोरीन ३.१६, नायट्रोजन ३.०४, गंधक २.५८, कार्बन २.५५, हायड्रोजन २.२०, तांबं १.९०, मॅग्नेशियम १.३१, सोडियम ०.९३. हे पाठ करत बसू नका. सारणीत उजवीकडे आणि वर गेलं की ओढ वाढते, एवढं पुरे. गण १८ सोडून.

दोन अणूंच्या आकड्यांतला फरक काढा. फरक नगण्य असेल आणि दोन्ही आकडे मोठे असतील तर इलेक्ट्रॉन दोघांच्या मधे: सहसंयुज. फरक मध्यम असेल तर मधेच, पण एका बाजूला कललेले: ध्रुवीय सहसंयुज. फरक खूप असेल तर एकाच्या ताब्यात: आयनिक. दोन्ही आकडे लहान असतील तर कुणाचीच पकड घट्ट नाही, इलेक्ट्रॉन पसरतात: धात्विक.

पुस्तकात १.७ ही सीमा दिलेली असते. तिला मैलाचा दगड समजा, लक्ष्मणरेषा नव्हे. हायड्रोजन आणि फ्लोरीनमधला फरक १.७८ आहे. नियमाने हायड्रोजन फ्लोराइड आयनिक ठरायला हवं, पण ते सुटे रेणू असलेलं सहसंयुज संयुग आहे आणि २० अंशांच्या आतच उकळतं. शंभर टक्के आयनिक बंध निसर्गात सापडत नाही. मिठातसुद्धा इलेक्ट्रॉनांचा किंचित अंश मधे रेंगाळतोच. आयनिक आणि सहसंयुज ही दोन टोकं आहेत आणि बहुसंख्य पदार्थ मधल्या रस्त्यावर कुठेतरी उभे असतात.

पायरी ४ : आयनिक बंध, म्हणजे जोडी नव्हे

चित्रात एक सोडियम, एक क्लोरीन आणि मधे एक बाण काढतात, त्यामुळे मिठाचा 'रेणू' असतो असा समज होतो. मिठाच्या खड्यात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम असतात. अमुक क्लोराइड तमुक सोडियमचा, अशी मालकी नसते. ओढ सगळ्या दिशांना.

यावरून गुणधर्म काढता येतात. मीठ ८०१ अंशांना वितळतं, कारण ही सगळी पकड एकदम सैल करावी लागते. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये प्रभार दुप्पट आहेत, म्हणून त्याचा द्रवणांक जवळजवळ २,८५० अंश. म्हणूनच भट्टीच्या आतल्या विटांसाठी ते वापरतात. घन मिठातून वीज वाहत नाही, आयन जागेवर खिळलेले असतात. वितळलं किंवा पाण्यात विरघळलं की आयन हलायला मोकळे होतात आणि वीज वाहू लागते.

खड्याचं मीठ घ्या आणि त्यावर हातोडीचा एक ठोका मारा. तुकडे उडतील आणि नीट बघितलं तर पुष्कळ तुकड्यांच्या कडा सरळ, काटकोनात दिसतील. ठोक्याने एक थर किंचित सरकला की धन आयनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतात, एकमेकांना ढकलतात आणि खडा त्या रेषेत फुटतो.

पायरी ५ : धात्विक बंध, भांडी बाजारात उभं राहून

आता तोच हातोडा तांब्यावर. तांबट पत्र्यावर ठोके घालत जातो आणि पत्रा फुटायच्या ऐवजी वळतो, खोलगट होतो, त्याचा हंडा होतो. तांब्याची मांडणी २, ८, १८, १. बाहेरचा इलेक्ट्रॉन अणूच्या ताब्यात पक्का नसतो. सगळ्या अणूंचे असे इलेक्ट्रॉन पूर्ण तुकड्यात पसरतात आणि उरलेले धन आयन त्या पसाऱ्यात रचलेले असतात. थर सरकला तरी कुणासमोर कोण आलं याने फरक पडत नाही, इलेक्ट्रॉन सगळीकडे आहेतच. म्हणून धातू ठोकता येतो, तारेत ओढता येतो. इलेक्ट्रॉन मोकळे म्हणून वीज वाहते, उष्णताही झटकन पसरते. या बाबतीत चांदी सगळ्या धातूंत पहिली, तांबं तिच्या पाठोपाठ.

अर्थात तांबटाला विचारलंत तर तो सांगेल की पत्रा कायम मऊ राहत नाही. ठोकत गेलं की कडक होतो, आणि तसाच रेटला तर चिरतो. कारण थर एकसंध सरकत नाहीत. स्फटिकाच्या रचनेतल्या विस्कळीत रेषा सरकत जातात आणि ठोके वाढले की त्या एकमेकींत अडकतात. म्हणून मधे मधे पत्रा भट्टीत लाल तापवावा लागतो. उष्णतेने अणू पुन्हा नीट रचले जातात आणि पत्रा परत मऊ होतो. क्लासच्या नोट्समध्ये हा भाग नसतो, पण धातू आणि धात्विक बंध यांतलं नातं मला इथे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

पितळेत तांब्याबरोबर जस्त असतं. वेगळ्या आकाराचे अणू मधे आले की थरांचं सरकणं अवघड होतं, म्हणून पितळ तांब्यापेक्षा कडक. शेजारच्या सराफ बाजारातला ९१६ चा शिक्काही हेच सांगतो: हजारात ९१६ भाग सोनं, बाकी तांबं-चांदी वगैरे. शुद्ध सोन्याचा दागिना रोजच्या वापरात टिकणार नाही इतका मऊ असतो.

सगळे धात्विक बंध सारखे बळकट नसतात हेही लक्षात ठेवा. सोडियम ९८ अंशांना वितळतो, तांबं १,०८५ ला, टंगस्टन ३,४२२ ला, आणि पारा तर उणे ३९ अंशांपर्यंत द्रवच असतो.

पायरी ६ : सहसंयुज बंध, आणि रचना काढायची रीत

इथे सावकाश जा.

आधी सगळ्यात साधा रेणू, हायड्रोजन. दोन अणू जवळ येतात तसा प्रत्येकाचा इलेक्ट्रॉन दुसऱ्याच्या केंद्रकाकडेही ओढला जातो. दोन केंद्रकांच्या मधे इलेक्ट्रॉन असण्याची शक्यता वाढते, आणि मधला ऋण प्रभार दोन्ही धन केंद्रकांना धरून ठेवतो. अंतर ७४ पिकोमीटर असताना ऊर्जा सगळ्यात कमी होते. आणखी जवळ आणलं तर केंद्रकं एकमेकांना ढकलू लागतात. या जागेवरून एक मोल रेणू तोडायला ४३६ किलोज्यूल लागतात. वाल्टर हाइटलर आणि फ्रिट्झ लंडन यांनी १९२७ मध्ये क्वांटम सिद्धांत वापरून पहिल्यांदा दाखवलं की विरुद्ध फिरकीच्या दोन इलेक्ट्रॉनांनी असा बंध का जुळतो.

आता मोठे रेणू. रीत अशी: एकूण संयुजा इलेक्ट्रॉन मोजा. मध्यवर्ती अणू ठरवा, बहुधा कमी विद्युतऋणतेचा (हायड्रोजन मध्यभागी कधीच नाही). मध्यवर्ती अणूपासून प्रत्येकाला एकेरी बंध (दोन इलेक्ट्रॉनांची एक जोडी) काढा. उरलेले इलेक्ट्रॉन आधी बाहेरच्या अणूंना वाटा, मग शिल्लक मध्यवर्ती अणूवर ठेवा. मध्यवर्ती अणूचे आठ भरत नसतील तर शेजाऱ्याची एकाकी जोडी (बंधात न गुंतलेली) आत घेऊन दुहेरी बंध करा.

निर्यातीच्या द्राक्षपेटीत वर कागदी पॅड ठेवतात ना, त्यातून सल्फर डायऑक्साइड हळूहळू सुटतो आणि वाटेत घडांवर बुरशी येऊ देत नाही. तोच रेणू काढू. गंधकाचे ६, दोन ऑक्सिजनचे १२, एकूण १८. मध्यभागी गंधक. दोन एकेरी बंधांत ४ गेले, उरले १४. दोन्ही ऑक्सिजनना सहा-सहा दिले, १२ गेले. शेवटचे २ गंधकावर, एकाकी जोडी म्हणून. आता तपासा: ऑक्सिजनांचे आठ-आठ भरले, गंधकाजवळ मात्र ४ आणि २ मिळून सहाच. म्हणून एका ऑक्सिजनची जोडी आत घ्या, दुहेरी बंध करा. आठ झाले.

पण कोणत्या ऑक्सिजनची? डावीकडची घेतली तर डावा बंध दुहेरी, उजवीकडची घेतली तर उजवा. दुहेरी बंध एकेरीपेक्षा आखूड असतो, तेव्हा मोजल्यावर एक बंध लांब आणि एक आखूड मिळायला हवा. मोजमापात दोन्ही सारखेच निघतात, सुमारे १४३ पिकोमीटर. म्हणजे ती जादाची जोडी एका जागी नाही, तिन्ही अणूंवर पसरली आहे. याला रेझोनन्स म्हणतात. रेणू दोन रूपांत आलटून पालटून उड्या मारत नसतो. तो एकाच रूपात असतो, आपल्या ठिपक्यांच्या चित्राला ते एका कागदावर दाखवता येत नाही इतकंच.

हीच रीत नायट्रोजनला लावा. दहा इलेक्ट्रॉन, दोन अणू. आठ-आठ भरायचे तर तिहेरी बंध काढण्यावाचून गत्यंतर नाही. हा बंध तोडायला ९४५ किलोज्यूल प्रति मोल लागतात. बागेवरच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, तरी बागायतदार युरियाच्या गोणीसाठी रांगेत उभा राहतो, ते या तीन जोड्यांमुळे. कारखान्यात हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करायला ४०० ते ५०० अंश तापमान, वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाब आणि लोखंडाचा उत्प्रेरक लागतो. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तेच काम शेतातल्या तापमानाला करतात, हा त्यांचा मोठेपणा.

आकार: इलेक्ट्रॉनांच्या जोड्या एकमेकींपासून शक्य तितक्या दूर राहतात. मिथेनमध्ये चार बंध, कोन १०९.५ अंश. अमोनियात तीन बंध आणि एक एकाकी जोडी, कोन १०७. पाण्यात दोन आणि दोन, कोन १०४.५. एकाकी जोडी जास्त जागा अडवते म्हणून कोन दबत जातो. सल्फर डायऑक्साइड वाकडा आणि कार्बन डायऑक्साइड सरळ का, हे आता तुम्ही स्वतः सांगू शकाल. कार्बनवर एकाकी जोडी उरते का ते मोजून बघा.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. 'सहसंयुज बंध कमजोर, कारण अशा पदार्थांचा द्रवणांक कमी असतो.' द्राक्षावरच्या भुरी रोगावर धुरळतात ते गंधक घ्या. त्यात आठ-आठ अणूंची वलयं असतात आणि ते ११५ अंशांच्या आसपास वितळतं. पण वितळताना वलयातला एकही बंध तुटत नाही. दोन वलयांमधली किरकोळ ओढ तेवढी सैल होते. जिथे सहसंयुज बंधच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विणलेले असतात, तो हिरा बघा, किंवा गोदावरीच्या वाळूतला गारगोटीचा कण. तिथे वितळवायचं म्हणजे बंधच तोडावे लागतात, आणि गारगोटीला १,६०० अंशांच्या पुढे जावं लागतं.

पायरी ७ : रेणू आणि रेणू यांच्यामधलं

पाण्यात ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना आपल्याकडे ओढतो, हायड्रोजन अंशतः धन होतो आणि शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनवरच्या एकाकी जोडीकडे खेचला जातो. हा हायड्रोजन बंध. बळ साधारण २० किलोज्यूल, तर रेणूच्या आतल्या ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचं ४६० च्या घरात. वीस म्हणजे अगदीच किरकोळ वाटतं, पण तो नसता तर पाणी खोलीच्या तापमानाला वायू असतं. पाण्याचा भाऊबंद हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंशांनाच उकळतो.

थंडीच्या दिवसांत निफाडला पारा घसरला की पहाटे पानांवरचे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. गोठताना प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना हायड्रोजन बंधांनी ठरावीक अंतरावर धरतो, रचना पोकळ होते, आणि बर्फाचं आकारमान पाण्यापेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. पेशींच्या आजूबाजूला असा बर्फ धरला की कोवळ्या फुटीचं काय होतं, ते बागायतदाराला वेगळं सांगायला नको. पहाटे बागेत शेकोट्या पेटतात त्या यासाठीच.

पायरी ८ : मोरचूदाचा खडा वाचा

आता सगळं एका ठिकाणी. कृषी सेवा केंद्रात मिळणारं निळं मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. विषारी आहे, उघड्या हाताने हाताळू नका, आणि खालचा तापवायचा प्रयोग कॉलेजच्या प्रयोगशाळेतच, शिक्षकांसमोर करा.

सल्फेटपासून सुरुवात. एक गंधक, चार ऑक्सिजन, आणि तांब्याकडून आलेले दोन इलेक्ट्रॉन: ६ अधिक २४ अधिक २, एकूण ३२. गंधक आणि ऑक्सिजन यांच्यातले बंध सहसंयुज, चारही सारख्या लांबीचे. या पूर्ण गटावर दोन ऋण प्रभार, आणि तांब्यावर दोन धन. त्यांच्यातली ओढ प्रामुख्याने आयनिक.

खड्यात पाणीही आहे. दर एका कॉपर सल्फेटमागे पाण्याचे पाच रेणू. वजनाने धरलं तर एक किलो मोरचूदात ३६० ग्रॅम पाणी विकत घेतलं जातं, आणि तरी खडा हाताला कोरडा! यातले चार रेणू तांब्याच्या आयनाभोवती चौकोनात बसलेले असतात आणि आपल्या ऑक्सिजनवरची एकाकी जोडी त्याच्याकडे वळवतात. बंधातले दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच बाजूने आले, म्हणून हा समन्वय सहसंयुज बंध. पाचवा रेणू तांब्याला लागलेला नसतो. तो सल्फेट आणि बाकीच्या पाण्याशी हायड्रोजन बंधांनी धरलेला असतो.

परीक्षानळीत खडा तापवला की पाणी टप्प्याटप्प्याने निघतं, शेवटच्या पाण्यासाठी २०० अंशांच्या पुढे जावं लागतं, आणि निळा खडा पांढऱ्या भुकटीत उतरतो. तांब्याच्या आयनाभोवतीचं पाणी गेलं की त्याच्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या बदलतात आणि दिसणारा रंग जातो. गार झालेल्या भुकटीवर पाण्याचा एक थेंब टाका. निळा रंग लगेच परततो आणि नळी बोटांना गरम लागते. बंध जुळताना ऊर्जा बाहेर पडते, हे दुसऱ्या पायरीतलं विधान इथे बोटांना कळतं.

द्राक्षावरच्या डाऊनी (केवडा) रोगावर मारायचं बोर्डो मिश्रण एक टक्क्याचं करताना शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना धरतात, आणि ते लोखंडी भांड्यात न कालवता प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये कालवतात. तयार मिश्रणात विळ्याचं स्वच्छ पातं थोडा वेळ बुडवून बघायची जुनी पद्धत आहे. पात्यावर लालसर थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा. पाण्यात मोकळे तांब्याचे आयन उरले असतील तर लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून आयन होतो आणि पाण्यात उतरतो, ते इलेक्ट्रॉन घेऊन तांब्याचा आयन अणू होतो आणि पात्यावर जमतो. काल जो समन्वय बंधात होता तो आज धात्विक बंधात. चुना पुरेसा असेल तर तांबं आधीच न विरघळणाऱ्या रूपात अडकलेलं असतं आणि पातं स्वच्छ निघतं.

सरावासाठी

खडीसाखर, ॲल्युमिनियमची कढई, खायचा सोडा, आणि अमोनियम सल्फेट खत. प्रत्येकात इलेक्ट्रॉन कुठे आहेत ते लिहा. खडीसाखरेत आत सहसंयुज, रेणूंमध्ये हायड्रोजन बंध. कढई सोपी आहे. खायच्या सोड्यात सोडियम आयन एकीकडे आणि बायकार्बोनेटचा गट दुसरीकडे, त्या गटाच्या आत रेझोनन्स सापडतो का ते बघा.

अमोनियम सल्फेटवर जास्त वेळ द्या. अमोनियाच्या नायट्रोजनवर एक एकाकी जोडी असते. इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन, म्हणजे नुसता प्रोटॉन, त्या जोडीवर येऊन बसतो. बंध होताना तो समन्वय प्रकारचा, पण झाल्यावर चारही बंध तंतोतंत सारखे. आलेला हायड्रोजन कोणता, हे पुढे कुठल्याही मोजमापाने दाखवता येत नाही. चित्र काढताना गट चौकोनी कंसात घ्या आणि प्रभार कंसाच्या बाहेर, वर उजवीकडे लिहा. तो राहिला तर बाकी ठिपके बरोबर असूनही तपासणारा गुण कापतो, आणि त्याचं बरोबरच आहे, कारण एक इलेक्ट्रॉन कमी आहे हे तुम्ही सांगितलेलंच नसतं.